दिवा आमचा, कॅमेरा त्यांचा

६ जानेवारी, मंगळवार

विमान उतरलं नाही. बैठक पंधरा तारखेवर गेली.

‘विमान’ हे आमच्या शिपाईकाकांनी ठेवलेलं नाव. केंद्राच्या गृहखात्याचे साहेब दर बैठकीला राजधानीहून विमानाने येतात, दुपारी जेवतात, संध्याकाळच्या विमानाने परत जातात. काका सकाळी खिडकीतून आभाळाकडे बघून विचारतात, “उतरलं का हो? की घिरट्या चालल्यात?”

ही वही नवी आहे. गुरुजी सांगायचे, नव्या वहीत आधी आपण कोण ते लिहावं, हरवली तर सापडणाऱ्याला कळावं. आणि पानांना शाईने आकडे घालावेत. घातले. एकशे अठ्ठावीस.

तर — मी नगरपालिकेत लेखनिक. दोन वर्षं संयुक्त सुरक्षा समितीचं काम आहे. केंद्र सरकार आणि नगरपालिका मिळून शहर सुरक्षित करणार, असं दारावरच्या पाटीवर लिहिलंय. बैठकीत कोण काय बोललं ते मी कच्चं टिपतो. त्याचं पक्कं इतिवृत्त करतो. त्यावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या की कच्चं फाडतो. हा नियम माझाच! आधीचा लेखनिक कच्चं जपून ठेवायचा आणि प्रत्येक बैठकीत मागच्या बैठकीचं भांडण व्हायचं. मी आल्यापासून भांडण नाही. आमचे नगरपालिकेचे साहेब म्हणतात, “तुमच्या हाताला गुण आहे.”

वय एकोणपन्नास. घरी ही, आणि मुलगी. गुडघा दुखतो. देवावर विश्वास आहे. माणसांवर कामापुरता.

८ जानेवारी, गुरुवार

मुलगी आजपासून पाणीखात्यात. कंत्राटी, पण खातं चांगलं. सकाळी निघताना पाया पडली. हिचे डोळे भरून आले. माझे नाही. मी खाली बघत होतो.

निवड यादीत तिच्या वर एक नाव होतं. साहेबांनी सोमवारी बोलावलं, म्हणाले, “यादी पुन्हा टाइप करा. हे दोन नंबर वरखाली झालेत.” वरखाली झाले नव्हते. मी टाइप केली. माझ्याच हाताने, माझ्याच मुलीचं नाव वर घेतलं. ज्याचं खाली गेलं तो कोण, कुठला, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला चेहरा आला असता.

तिला यातलं काही माहीत नाही. ती तीन वर्षं अभ्यास करत होती. तिला वाटतं, फळ मिळालं.

देवासमोर बसलो आज, पण बोलणं झालं नाही.

११ जानेवारी, रविवार

हिचा भाऊ आला होता. फुकट फौजदार! आल्या आल्या पंख्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांना सल्ले. “दाजी, शहरात राहायचं तर माणसाने डोळे उघडे ठेवावेत.” स्वतः दुपारी तीन तास घोरत पडला.

१५ जानेवारी, गुरुवार

बैठक झाली. आज खरोखर बैठक झाली, म्हणून सगळं लिहितो.

विषय भुयारी मार्गाचा. बस आगारातून मोठ्या रस्त्याखालून सरकारी दवाखान्याकडे जातो तो. आतले दिवे सप्टेंबरपासून बंद. दिवे नगरपालिकेचे. कॅमेरा केंद्राचा, चार महिन्यांपूर्वी थाटात बसवलेला. नियंत्रण कक्षातला मुलगा बैठकीत म्हणाला, “त्या कॅमेऱ्याचा चौकोन पूर्ण काळा दिसतो सर. आम्ही पडदा पुसताना तोच बघतो. धूळ त्यात झकास दिसते.” सगळे हसले. विमानसाहेबही हसले.

मग नेहमीचं सुरू झालं. आमचे साहेब म्हणाले, वायर रस्त्याखालून जाते, रस्ता केंद्राचा, खोदायची परवानगी केंद्राने द्यावी. विमानसाहेब म्हणाले, परवानगी मागितल्याचा कागदच आमच्याकडे नाही. दिवा आमचा, कॅमेरा त्यांचा, रस्ता त्यांचा, पायऱ्या आमच्या. मी टिपत होतो. हात आपोआप चालतो अशा वेळी.

दवाखान्याच्या धुलाईखान्यातल्या मावशी आल्या होत्या, कामगारांतर्फे. दोन वर्षं प्रत्येक बैठकीला येतात, कडेच्या खुर्चीवर बसतात, कुणी बोलू देत नाही. आज उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “साहेब, आमची पाळी पहाटे साडेपाचला. आम्ही नऊ बाया आगाराजवळ जमतो, एकमेकींचा पदर धरून जातो. एकशे बारा पावलं आहेत अंधाराची. मी पावलागणिक देवाचं नाव घेते. एकशे बारा वेळा. तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा तो बरा, त्याला अंधारात दिसतं.”

काका चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

आणि विमानसाहेब — त्यांना इतकं साधं बोलताना मी प्रथमच ऐकलं — म्हणाले, “ठीक आहे. सोमवारपासून पहाटे पाच ते सात माझी दोन माणसं तिथे उभी राहतील. दिवा लागेपर्यंत रोज. खोदायची परवानगी मी उद्या देतो.” आमचे साहेब म्हणाले, “मग दिवा दहा दिवसांत आमचा. ठरलं?” ते म्हणाले, “ठरलं.” टेबलावरून हात मिळवले! मावशींनी विचारलं, “सोमवारपासून नक्की ना? सांगू बायांना?” विमानसाहेब म्हणाले, “सांगा.”

आमच्या गावात एक विहीर होती, दोन वस्त्यांची. दोर एका वस्तीकडे असायचा, बादली दुसरीकडे. भांडण झालं की दोन्ही वस्त्या तहानलेल्या. आज दोर आणि बादली एका जागी आले. बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी वाटलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

अकरा वाजता राजधानीहून फोन. विमानसाहेब. “काल मी जरा भरात बोललो. माणसं नेमायला वरून लेखी मंजुरी लागते. तारीख घालू नका. तुम्हाला जमतं ते, शब्द जरा मऊ करा.”

आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “त्यांची माणसं कागदावर येत नाहीत तर आपलाच दिवा का येऊ द्यायचा? उद्या काही झालं तर घोंगडं आपल्या गळ्यात. दोन्ही मऊ करा.” मग चष्मा पुसत विचारलं, “मुलगी रुळली का पाणीखात्यात?”

मी लिहिलं: भुयारी मार्गातील प्रकाशव्यवस्था व सुरक्षेबाबत सविस्तर चर्चा झाली. दोन्ही बाजूंनी नोंद घेतली.

दुपारी दोनच्या आत दोन्ही सह्या आल्या. समितीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच. साहेबांनी पाठ थोपटली. मी कच्चं फाडलं, चार तुकडे केले, टोपलीत टाकलं.

मावशींना कळवावं असं क्षणभर मनात आलं. तेवढ्यात टपाल आलं.

१९ जानेवारी, सोमवार

आज सोमवार. ती माणसं आली असतील का? न लिहिताही आली असतील. बोलले होते ना.

भुयाराकडे गेलो नाही. माझा रस्ता नव्हे तो.

२३ जानेवारी, शुक्रवार

गुडघा. रजा.

२७ जानेवारी, मंगळवार

आज पहाटे भुयारात एका मुलीला लुटलं. दवाखान्याच्या इस्त्रीखान्यातली, बावीस वर्षांची. एकटी होती. पर्स ओढली, तिने सोडली नाही, पायऱ्यांवर ढकलून दिलं. जबडा मोडलाय, खांदा मोडलाय. डोक्यालाही मार आहे. दवाखाना शंभर पावलांवर, आणि तिथे पोचायला तिला चाळीस मिनिटं लागली. कुणाला दिसलीच नाही.

कॅमेरा चालू होता. चित्रण मिळालंय. काळं.

ऑफिसात दिवसभर फोन. काका म्हणाले, “एकटी कशाला गेली ती? नऊ जणी मिळून जायच्या ना?” मला ते आधीच सुचलं होतं. उत्तरही माहीत होतं. मी म्हणालो, “काय माहीत.”

मावशींनी बायांना सांगितलं असणार — सोमवारपासून माणसं आहेत.

२८ जानेवारी, बुधवार

भुयारात दिवे लागले. एका दिवसात! वायर रस्त्याखालून न्यावीच लागली नाही, भिंतीवरून नेली. केंद्राची दोनच नव्हे, सहा माणसं उभी आहेत. आमच्या साहेबांनी आणि विमानसाहेबांनी मिळून पत्रकारांसमोर फोटो काढला. दोघे एका छत्रीत नव्हते एवढंच.

हे दोघे मनावर घेतात तेव्हा किती पटकन होतं. चार महिने मी याला अवघड काम समजत होतो.

संध्याकाळी पहिल्यांदा त्या भुयारात गेलो. पावलं मोजली. माझी एकशे चार झाली. मावशी बुटक्या आहेत. देवाचं नाव घ्यायचं ठरवलं होतं, पण तिथे लख्ख उजेड होता, आणि मला लाज वाटली.

३० जानेवारी, शुक्रवार

मावशी ऑफिसात आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

“भाऊ, तुम्ही लिहीत होतात ना त्या दिवशी? मी बघितलं तुम्हाला लिहिताना.”

“हो.”

“मग ते सांगा ना सगळ्यांना. त्या पोरीची आई माझ्या दारात येऊन बोलून गेली. म्हणाली, ‘तूच सांगितलंस माणसं आहेत, घाबरू नका. तुझ्या शब्दावर माझी पोर एकटी गेली.’ सोमवारी, मंगळवारी आम्ही बघितलं, कुणी नव्हतं. मी म्हटलं, येतील उद्या. सरकारचं थोडं मागेपुढे होतं. आठ दिवस मीच सांगत राहिले, येतील, येतील. बाया कंटाळल्या एकमेकींसाठी थांबायला. पांगल्या. भाऊ, मी खोटं तर नाही ना सांगितलं?”

“नाही मावशी.”

“मग ते कागदावर आहे ना?”

मी म्हणालो, बघून सांगतो. देवाशपथ एवढंच म्हणालो. कागद माझ्या खणात होता, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

त्या गेल्यावर काकांनी चहा ठेवला आणि म्हणाले, “मी दारात होतो त्या दिवशी. ऐकलं सगळं.” मी वर बघितलं. ते म्हणाले, “पण मी चहा देतो बाबा. साक्ष देत नाही. चार महिन्यांनी निवृत्त व्हायचंय.”

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्हीकडची मिळून एक चौकशी नेमली आहे. करणाऱ्या निवृत्त न्यायाधीश बाई. पांढरे केस, आवाज लहान. एक शब्द दोनदा विचारत नाहीत.

विमानसाहेब म्हणाले, आश्वासन दिल्याचं आठवत नाही. आमचे साहेब म्हणाले, चर्चा झाली, निर्णय नाही. नियंत्रण कक्षातला मुलगा म्हणाला, त्याचं लक्ष फोनमध्ये होतं. सगळ्यांनी पक्कं इतिवृत्त वाचून आपापली आठवण पक्की करून आणली होती.

मग मी. बाईंनी विचारलं, “हे इतिवृत्त तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“त्या दिवशी तिथे जे घडलं, ते सगळं यात आहे?”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, “इतिवृत्तात महत्त्वाचं तेवढं येतं, बाई.”

“मी ते विचारलं नाही. कच्चं टिपण?”

“सह्या झाल्या की फाडतो. पद्धत आहे.”

“कुणाची?”

“माझी.”

त्यांनी काहीतरी लिहिलं. माझ्यापेक्षा जास्त वेळ लिहीत होत्या. म्हणाल्या, “आणखी कुठला कागद असेल तर शुक्रवार, तेरा तारखेपर्यंत आणून द्या. कुणीही.”

मावशी मागच्या बाकावर होत्या. मी बाहेर पडताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्याने मावशींना कामावरून थांबवलं. अफवा पसरवून सहकाऱ्यांचा जीव धोक्यात घातला, असं नोटिशीत आहे. सोबत पुरावा म्हणून माझं इतिवृत्त जोडलंय. ‘नोंद घेतली.’ माझी सही, सुबक.

सव्वीस वर्षं चादरी धुतल्या त्यांनी. चौकशीचा अहवाल आला की कायमचंच काढतील.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ऑफिसात बसल्या बसल्या आठवलं.

कच्चं मी फाडलं. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी ह्या वहीत लिहिलं होतं. आत्ता उघडून बघितलं. सगळं आहे. पान नऊ ते अकरा. ‘सोमवारपासून.’ ‘ठरलं.’ ‘सांगा.’ दुसऱ्या दिवशीचा फोनही आहे. तारीख आहे, शाई तीच, अक्षर माझं.

बसून राहिलो. ही म्हणाली, “काय झालं? जेवण गार होतंय.” म्हटलं, गार होऊ दे.

८ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यात जाऊन आलो. त्या मुलीला बघायला. दारात नर्सने कोण म्हणून विचारलं तर सांगितलं, मावशींच्या ओळखीचा.

जबडा तारेने बांधलाय. बोलता येत नाही, पाटीवर लिहिते. मी काहीबाही विचारलं, दुखतं का वगैरे. तिने लिहिलं: मावशींना कामावर घेतलं का? मी मान हलवली — नाही. तिने पुसलं आणि बराच वेळ लिहीत राहिली. मग पाटी माझ्याकडे वळवली.

मी आईला सांगितलं मावशींचं चुकलं नाही. पण आईला कुणावर तरी रागवायचं आहे.

खाली लहान अक्षरात: मी पण पावलं मोजायची. माणसं येणार कळल्यावर मोजायचं सोडलं. ती आज येतील असं रोज वाटायचं.

तिच्या आईने मला बिस्किटाचा पुडा दिला. आलात म्हणून. मी घेतला! नाही म्हणायला तोंड नव्हतं. घरी आणून फडताळात ठेवलाय. कुणी फोडू नये म्हणून हिला सांगितलं, तर ही म्हणाली, “बिस्किटांचं सोवळं कधीपासून?”

९ फेब्रुवारी, सोमवार

वही द्यायची तर अख्खी द्यावी लागणार. पान फाटलेली वही म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाच सगळ्यात चांगलं कळतं. बाई पहिलं काय करतील? आकडे बघतील.

आणि पान पाचवर मुलीची नेमणूक आहे. वरखाली केलेलं नाव आहे. ते वाचलं की तिची नोकरी दुसऱ्या दिवशी जाईल. माझी जाईल ती जाऊ दे. माझी जायलाच हवी. पण ती रोज सकाळी डबा भरून, केस नीट बांधून निघते. परवा सांगत होती, तिने एका वस्तीची तीन वर्षांची तक्रार शोधून काढली, एक झडप उलटी बसवलेली होती. “बाबा, एवढंच होतं! कुणी जाऊन बघितलंच नव्हतं.” केवढी हसत होती.

ज्याचं नाव खाली गेलं तोही कुठेतरी कुणाला असं सांगत असता.

बाकीचंही आहेच वहीत. मेहुण्याला फुकट फौजदार म्हटलंय. काकांचं साक्षीचं बोलणं आहे, त्यांची चार महिन्यांवर निवृत्ती. एकट्याचं म्हणून लिहिलेलं, त्यात किती माणसं येऊन बसतात!

१० फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. “तुम्ही मोजकंच बोललात त्या दिवशी, बरं केलंत. आता तेरा तारीख गेली की संपलं. त्या बाईचं वाईट वाटतं मलाही. पण तिने सरकारी गोष्ट बाजारात न्यायलाच नको होती.”

मी म्हणालो, “साहेब, ‘सांगा’ म्हणाले होते ते.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत प्रथमच त्यांनी न विचारता मी बोललो होतो.

“कोण म्हणाले होते? कुठे लिहिलंय?”

मी हातातले कागद सारखे केले.

“मग झालं तर.” उठता उठता म्हणाले, “मार्चमध्ये पाणीखात्यातली कंत्राटं पुन्हा लिहायची आहेत. मुलीला सांगा, काळजी करू नको.”

वाईट माणूस नाही तो. हेच अवघड आहे. यांच्यातला कुणीच वाईट नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या बाजूचं तेवढं मऊ करून घेतलं, आणि मऊ करणारा मी होतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना मुलीने विचारलं, “बाबा, त्या धुलाईवाल्या मावशींचं काय झालं? आमच्याकडे सगळे म्हणतात त्यांनी अफवा पसरवली.”

मी भात कालवत राहिलो.

“तुम्ही होतात ना त्या बैठकीत?”

“होतो.”

“मग?”

ही मध्ये पडली. “त्यांना जेवू दे आधी.” मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिची ती सवय लहानपणापासूनची. उत्तर मिळेपर्यंत समोर उभी राहायची, रडायची नाही, हट्ट करायची नाही, नुसती उभी राहायची.

गुरुजींनी मला वही लिहायला शिकवलं तेव्हा मी अकरा वर्षांचा. म्हणायचे, “रोज लिही. थोडं लिही. खरं लिही.” मी विचारलं होतं, खरं लिहिलं आणि कुणी वाचलं तर? ते म्हणाले, “म्हणून तर थोडं लिहायचं.” सगळी शाळा हसली होती. आज हसू येत नाही.

बराच वेळ देवासमोर बसलो. त्याला अंधारात दिसतं म्हणे. मग माझंही दिसलं असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या शेवटचा दिवस. उद्या वही देणार. ठरलं.

सकाळी दहाला चौकशीचं कार्यालय उघडतं. साडेनऊला निघेन. मावशींचं नाव साफ होईल. माझं व्हायचं ते होवो.

फक्त एक विचार आहे. पान पाच-सहा हा एकच कागद. त्यावर भुयाराचं काहीच नाही. पाचवर मुलीचं, मागे सहावर कोरंच, शाई पाझरली म्हणून मी सोडलं होतं. त्या एका कागदाचा या चौकशीशी संबंध काय? काही नाही. पट्टी धरून नीट ओढला तर शिवणीला धक्का लागणार नाही. आकडे चुकतील. विचारलं तर पाणी सांडलं म्हणता येईल. घरोघरी पाणी सांडतं. बाई एवढं धरणार नाहीत. धरतीलही.

मावशींसाठी नऊ ते अकरा पुरे आहेत. पुरे असावेत.

वही टेबलावर ठेवतोय. लोखंडी पट्टी पान पाचमध्ये घातली आहे. खुणेसाठी.

आता झोपतो. सकाळी लवकर उठायचंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ही वही दुसरी. कोपऱ्यावरच्या दुकानातली. आकडे घालायचे आहेत.

सकाळी टेबलावर जुनी नव्हती. मुलगीही नव्हती, डबा तसाच होता. मी साडेनऊला निघालो नाही. दारातल्या खुर्चीवर बसून राहिलो. हिने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

ती साडेअकराला आली. डोळे सुजलेले. माझ्यासमोर पावती ठेवली, न्यायाधीश बाईंच्या सहीची: वही एक, पाने एकशे अठ्ठावीस, सर्व जागेवर.

मग पिशवीतून लोखंडी पट्टी काढून माझ्या हातात दिली.

“ही आत राहिली होती, बाबा.”